पेडण्याचा डोंगर, मामाचं शेत आणि गढूळ पाण्याचा हिशेब



गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कोकण रेल्वेच्या प्रवासाचे फोटो टाकले होते. धबधबे, हिरवे डोंगर, बोगद्याच्या तोंडाशी उतरलेलं धुकं. बडोद्याच्या एका वहिनींनी मात्र वेगळाच फोटो टाकला. रुळाच्या बाजूला डोंगर उभा कापलेला, त्यावर तारेची जाळी, आणि वरून खाली येणारं पायऱ्यापायऱ्यांचं सिमेंटचं गटार. 'हे कशासाठी?' असं त्यांनी विचारलं होतं. मी एका ओळीत उत्तर दिलं, 'दरड पडू नये म्हणून.' उत्तर चूक नव्हतं, पण मला स्वतःलाच ते पुरेना. त्या पायऱ्यांच्या गटारामागे एक काम आहे, ते काम करणारा एक माणूस असतो, आणि अशा एका माणसाचं न ऐकल्यामुळे आमच्या घरात काय झालं ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. म्हणून आज जरा लांबण लावतो. सांभाळून घ्या.

मी इंजिनिअर नाही. पणजीला बी.कॉम. झालो, १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि २०१० साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं उत्तर गोव्यातच गेली. माझं आजोळ पेडणे तालुक्यात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींसाठी सांगतो, पेडणे म्हणजे गोव्याचं उत्तरेचं टोक. तेरेखोल नदी ओलांडली की सिंधुदुर्ग. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा मुलूख सावंतवाडीकरांचा होता, मग पोर्तुगिजांकडे गेला. त्यामुळे आमच्याकडे घरात बोलणं कोकणी, पण भजन, नाटक, जमाखर्च आणि पत्रं सगळी मराठी. अजूनही तसंच आहे.

आता आमच्या डोंगराबद्दल. वरून पाहिलं तर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. लोकांना वाटतं, एवढा दगड आहे, पक्का डोंगर. पण जांभा हे फक्त झाकण. त्याच्याखाली पांढरट, गुलाबी, पिवळसर अशी चिकणमाती असते. दक्षिण कोकणात तिला शेडी म्हणतात. सुकी असली की कुदळ उडते, आणि पाणी लागलं की तीच माती लोण्यासारखी होते. झाकण शाबूत आहे, वर झाडझाडोरा आहे, तोवर सगळं ठीक. झाकण फोडलं आणि वर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तोही चार महिन्यांत, की डोंगर वाहायला लागतो.

हे सगळ्यात आधी मोठ्या प्रमाणावर कळलं ते रेल्वेच्या कामात. कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची स्थापना जुलै १९९० मधली, आणि ई. श्रीधरन हे पहिले प्रमुख. भांडवलात केंद्राच्या रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६. बाकी मोठा पैसा रोख्यांतून उभा केला. बँकवाला असल्यामुळे हे आकडे पाठ आहेत; आमच्या शाखेतल्या दोन-तीन पेन्शनरांनीही ते रोखे घेतले होते. एकूण मार्ग सुमारे ७६० किलोमीटर, त्यातला गोव्यातला १०५. आणि या सगळ्या मार्गात शेवटपर्यंत अडून बसला तो आमच्या पेडण्याचा बोगदा. लांबीला दीड किलोमीटरच्या आसपास. सह्याद्रीच्या काळ्या कातळात याहून कितीतरी लांब बोगदे झाले. पण मऊ मातीतले जे नऊ बोगदे होते, त्यांनी रडवलं. यंत्र चालवता येत नव्हतं, हातानं थोडंथोडं खणायचं, लगेच आधार द्यायचा, आणि रात्रीत दाबलेल्या ट्यूबमधून पेस्ट यावी तशी माती परत आत. काही जीव गेले. अखेर २६ जानेवारी १९९८ ला मार्ग खुला झाला, तेव्हा पेडण्यात लोकांनी नारळ फोडले होते. मीही गेलो होतो.

त्या काळात बोगद्यावरची माणसं आमच्या शाखेत यायची. पगार झाला की गावी डिमांड ड्राफ्ट पाठवायला रांग. त्या रांगेत एक गृहस्थ होते, खानापूर तालुक्यातले, पन्नाशीचे, अंगात खाकी सदरा आणि खिशात सुतळीनं बांधलेली वही. एका ठेकेदाराकडे होते. सगळे त्यांना मुकादमच म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो. तरुणपणी हिडकल धरणाच्या कामावर रोजंदारीला लागले, तिथे मातीच्या भरावावर शिकले, आणि तिथून कामामागून काम करत गोव्यात आले. एकदा सहज विचारलं, 'मुकादम, बोगद्यात तुमचं काम काय?' म्हणाले, 'मी बोगद्यात न्हाई ओ सायेब. मी भायेर. पाणी कुठनं येऊलालंय आणि माती घेऊन कुठं चाललंय, तेवढं बघायचं.'

मला वाटलं थट्टा करतात. पाणी बघायचा पगार?

मग एका रविवारी त्यांनी मला बोगद्याच्या अलीकडच्या कटिंगवर नेलं. त्या दिवशी जे पाहिलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. सगळ्यात वर, डोंगर जिथून कापायला सुरुवात केली त्याच्याही मागे दहा-बारा पावलांवर, एक चर होता. वरून येणारं पाणी कापलेल्या अंगावर यायच्या आधीच तो चर त्याला धरायचा आणि आडवं नेऊन पलीकडच्या ओहोळात सोडायचा. इंजिनिअर त्याला कॅच-वॉटर ड्रेन म्हणतात. चरातून खाली उतरताना पाण्याला सरळ घसरगुंडी द्यायची नाही, पायऱ्या द्यायच्या. प्रत्येक पायरीवर पाणी आपटतं आणि त्याचा जोर मरतो. वहिनींच्या फोटोतलं गटार ते हेच. कापलेला डोंगरही एका दमात सरळ नाही, मध्ये मध्ये सपाट टप्पे सोडलेले. आणि तळाशी, पाणी ओहोळाला मिळायच्या आधी, एक खड्डा. त्याच्या तोंडाशी दगडगोट्यांचा बांध. गढूळ पाणी खड्ड्यात थांबतं, माती खाली बसते, पाणी दगडांतून गाळून पुढे जातं.

'खड्डा अर्धा भरला की उपसायचा,' मुकादम म्हणाले. 'पुरा भरेस्तवर थांबला तो खड्डा न्हवं, ती मोरी.'

त्यांच्या पत्र्याच्या खोलीच्या खिडकीत सोड्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. पाऊस पडला की खड्ड्याच्या पुढचं पाणी बाटलीत भरायचं, रात्रभर ठेवायचं, आणि सकाळी तळाशी किती बोटं माती बसली ते बघायचं. अर्ध्या बोटाच्या वर गेली की कुठेतरी काहीतरी फुटलंय, चला शोधायला. ही त्यांची प्रयोगशाळा.

त्यांनीच मला सांगितलं की पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते दुप्पट जड नाही, कितीतरी पट जड दगड हलवतं. पुढे मी वाचलं, हा जुना शास्त्रीय नियम आहे. वेगाच्या सहाव्या घातानं वाढतं, म्हणजे दुप्पट वेगाला ६४ पट. मी चक्रवाढ व्याजात आयुष्य काढलेला माणूस, पण असलं व्याज मीही पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर: पाणी धावायला लागायच्या आत त्याला अडवा. मिरगाच्या आधी कामं संपवा. पावसाळ्याआधी झाकता येईल तेवढाच डोंगर उघडा करा. उपसलेली माती ओहोळाच्या काठावर टाकू नका. उघड्या अंगावर काही नाही तर माडाच्या झावळ्या तरी पसरा. काम आणि ओहोळ यांच्यामध्ये मूळचा झाडझाडोरा पट्टाभर तसाच ठेवा, तो फुकटचा नोकर आहे.

हे सगळं मी आजोळी जाऊन मामाला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मामा हसला. त्याला त्यात नवल काहीच नव्हतं. त्याचं शेत डोंगराच्या पायथ्याला, पण पूर्वी आजोबांकडे नदीकाठच्या खाजनातही एक तुकडा होता. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर. बांधाला लाकडी दारांची मानस असते. ओहोटीला दारं आपोआप उघडतात, आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला दाबानं मिटतात. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी आफोन्सो मेशिया यानं तिसवाडीच्या गावांच्या रीतीभातींची सनद लिहून काढली, तेव्हा गावकारी संस्था आधीच जुनी होती. मामाच्या सांगण्याप्रमाणे आजोबांच्या काळी बांधावर एक माणूस नेमलेला असे. त्याला वर्षाचं भात मिळे. त्याचं काम रात्री-बेरात्री बांधावरून फिरायचं, खेकड्यानं पाडलेलं बीळ शोधायचं, आणि बांध पाझरायला लागला की हाक मारायची. हाक आली की घरटी एक माणूस फावडं घेऊन निघे. जो निघाला नाही त्याच्या नावावर दंड. लग्नघरातला माणूससुद्धा सुटत नसे, असं मामा सांगायचा.

ती व्यवस्था पुढे विस्कटली. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६४ साली कुळकायदा आला. कुळांना जमीन मिळाली ही चांगलीच गोष्ट, मी त्याच्या विरुद्ध नाही. बांधाची जबाबदारी कायद्यानं कुळांच्या संघांवर टाकली, पण कागदावरचा संघ आणि रात्रीची हाक यांत फरक पडतोच. हाक मारणारा गेला, आणि दंडही गेला.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

रेल्वे आली आणि पेडण्यात जमिनींना भाव आला. १९९८ च्या शेवटी आमच्या आजोळच्या डोंगरावर, सड्याच्या कडेला, एका बाहेरच्या बिल्डरनं प्लॉट पाडायला घेतले. रस्ते, गटारं, बंगल्यांसाठी टप्पे. रेल्वेचं काम संपल्यामुळे मुकादम मोकळे झाले होते, त्यांनाच तिथे सुपरवायझर म्हणून घेतलं. मला बरं वाटलं. माहितीचा माणूस वर आहे, खाली मामाचं शेत आहे, आता काळजी नाही.

त्याच कामावर माती खोदायचं पोटकंत्राट घेतलेल्या एका तरुणानं आमच्या शाखेत पिवळ्या यंत्रासाठी कर्ज मागितलं, ज्याला सगळे जेसीबीच म्हणतात. नऊ लाखांचं प्रकरण. कागद चोख, जामीनदार चांगला. मी शिफारस केली, मंजूर झालं. मे १९९९ मध्ये मंजुरीनंतरच्या पाहणीला मी स्वतः साइटवर गेलो. यंत्र कामावर होतं. चेसिस नंबर, इंजिन नंबर ताडून पाहिले. बँकेच्या नावाचा बोर्ड यंत्रावर रंगवलेला आहे का, विमा भरलाय का, ते पाहिलं. रिपोर्टात लिहिलं, 'यंत्र सुस्थितीत असून पूर्ण क्षमतेने कामावर आहे.'

ते यंत्र पूर्ण क्षमतेनं काय करत होतं? उपसलेली माती थेट व्हाळात ढकलत होतं. तोच व्हाळ खाली मामाच्या शेताकडे उतरतो. मी ते उभं राहून पाहिलं. मुकादमांनी दोन वर्षांपूर्वी मला जे जे करू नका म्हणून दाखवलं होतं ते सगळं तिथे चाललं होतं, वर चर नाही, खाली खड्डा नाही, झाडझाडोऱ्याचा पट्टा नाही. आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. आलं असेल तर ते माझ्या रिपोर्टाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं.

जुलैमध्ये तीन दिवस एकसारखा पाऊस लागला. तिसऱ्या रात्री व्हाळात साठलेल्या मातीच्या मागे पाणी तुंबलं, आणि पहाटे ते सगळं एकदम सुटलं. लावणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. मामाच्या दोन कुणग्यांवर हातभर लाल-पांढरा चिखल. तरव्याचं एक पातं दिसत नव्हतं. मेर कुठे होती ते फक्त मामाला ठाऊक. सुदैवानं माणूस किंवा गुरं कुणी सापडलं नाही.

एक गोष्ट शहरातल्या मंडळींच्या लक्षात येत नाही म्हणून सांगतो. गाळ सगळा सारखा नसतो. नदीचा गाळ शेतकऱ्याला हवा असतो, त्यात पानापाचोळ्याचा कस असतो. डोंगराच्या पोटातली माती कोरी. तिच्यात लोह भरपूर आणि कस शून्य, आणि वाळली की सिमेंटसारखी तडकते. डिचोली, सांगे भागातल्या शेतकऱ्यांनी खाणींच्या ढिगाऱ्यांखालून हेच वर्षानुवर्षं सोसलं.

मी दुपारी पोचलो. मामा मेरेवर, म्हणजे जिथे मेर असायची तिथे, उभा होता. मला म्हणाला, 'पांच वर्सां हांगा भात पिकचें ना.' मग थोडा वेळ गेला. मग म्हणाला, 'तूं थंय गेल्लो मरे? तुवें कितें पळयलें?' तू तिथे गेला होतास ना, मग काय पाहिलंस. त्याला कर्जाचं माहीत होतं. गावात अशी गोष्ट लपत नाही. मी काही बोललो नाही. मामी आतून चहा घेऊन आली, तो तसाच निवला.

चार दिवसांनी मुकादम शाखेत आले. ड्राफ्टसाठी नव्हे. काउंटरवर साइटची सूचना-वही ठेवली आणि म्हणाले, 'वाचा.' एप्रिलपासून मेअखेरपर्यंत चार नोंदी. वरचा चर काढावा. व्हाळातली माती उचलावी. खाली गाळखड्डा करावा, खर्च अंदाजे अडतीस हजार. चौथ्या नोंदीत लिहिलं होतं, 'पावसाळ्याआधी न केल्यास खालच्या शेतांस धोका.' प्रत्येक नोंदीखाली वरच्या माणसाची सही आणि एकच शब्द, 'पाहिले.' बँकेत आम्हीही हेच करतो, 'नोटेड' लिहितो आणि फाईल पुढे सरकवतो. मला ती सही आपलीच वाटली.

मी जरा चिडूनच विचारलं, 'मग तुम्ही काम का नाही थांबवलं?'

'थांबवायचा हक्क माझ्याकडं कुठं होता ओ सायेब? रेल्वेला असताना मी "थांबा" म्हटलं की वरचा इंजिनिअर येऊन बघायचा तरी. हितं मी पाण्याकडं बोट दावायचा माणूस. बोट दावल्यावर बघायचं का न्हाई, ते दुसऱ्यानं ठरवायचं.' आणि मग जाता जाता, 'अडतीस हजार कुठल्या खात्यात टाकायचे, त्यावर त्यांचं अडलंतं.'

हे शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं, कारण ते खरं आहे. पुढे निवृत्तीनंतर मी कुतूहलानं रस्तेकामाची केंद्रीय मंत्रालयाची मानकं पाहिली. त्यात ३०६ क्रमांकाचं कलम आहे, मातीची धूप आणि गाळ रोखण्याबद्दल. तात्पुरते बांध, गाळखड्डे, चर, गवत, सगळं लिहिलंय, चांगलं लिहिलंय. आणि मग मोबदल्याच्या भागात म्हटलंय की ही तात्पुरती कामं मातीकामातच धरलेली आहेत, त्यांचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. कॉमर्सच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्या कामाला बिलात ओळ नाही, ते ठेकेदाराच्या नफ्यातून होतं. आणि नफ्यातून होणारं काम कधी होतं, हे मी कर्जखात्यांवर सदतीस वर्षं पाहिलं आहे.

मामाला त्या बिल्डरकडून दहा हजार मिळाले, तेही पंचायतीत दोन बैठका झाल्यावर. त्या पैशांत चिखलाचा एक थर निघाला. पुढच्या वर्षी मात्र त्याच कामावर चर झाला, खड्डा झाला. पंचायतीनं घरपट्टीचे कागद अडवून धरले म्हणून. मुकादमांनी वर कडेनं वाळ्याची रोपं लावली. वाळा म्हणजे आपण माठात टाकतो तोच. त्याची मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात आणि माती शिवल्यासारखी धरतात. कर्नाटकातल्या शेतकऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं, १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या शेतीतज्ज्ञांनी ते उचललं आणि जगभर नेलं.

रेल्वेलाही पुढे फार मोठी किंमत मोजावी लागली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. दोन्ही वेळा जून, दोन्ही वेळा पावसाचं तोंड. त्यानंतर डोंगरांचे उतार आणखी निवांत केले, जाळ्या बसवल्या, काही ठिकाणी सिमेंटचा फवारा मारला, वाळा लावला. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, त्या काळात गाड्या सावकाश, आणि कटिंगवर रात्रंदिवस गस्त. आपण गाडी उशिरा धावते म्हणून कुरकुरतो, तेव्हा बाहेर पावसात कंदील घेऊन एक माणूस पाण्याकडे बघत चाललेला असतो. आजोबांच्या बांधावरचा माणूसच तो, फक्त रेनकोट घातलेला.

२०१६ साली लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो, सिएटलजवळ. तिच्या घराच्या मागे नवीन घरांचं काम चालू होतं. कामाच्या चारी बाजूंनी गुडघ्याएवढं काळं कापड खुंट्यांवर ताणलेलं. मी जावयांना विचारलं, हे कुंपण कसलं, यातून तर कुत्रंही जाईल. म्हणाले, 'बाबा, ते मातीसाठी आहे.' पाऊस पडून गेला की एक माणूस यायचा, कापडापाशी वाकून बघायचा, गटाराच्या तोंडाशी बाटली भरायचा. बाटली पाहिली आणि मी उठून बाहेरच गेलो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललो. भला माणूस होता, सगळं सांगितलं. त्या राज्यात एक एकर किंवा जास्त जमीन उघडी करणाऱ्या कामावर असा प्रशिक्षित माणूस लागतोच. प्रमाणपत्र तीन वर्षांचं. आठवड्यातून एकदा तरी पाहणी, पाण्याचा गढूळपणा यंत्रावर मोजायचा. आकडा २५ च्या वर गेला की उपाय करायचे, २५० ला पोचला की सरकारी खात्याला फोन. कशासाठी? तर तिथल्या ओढ्यांत सामन मासे खडीत अंडी घालतात आणि गाळ बसला की ती गुदमरतात. माशाच्या अंड्यांसाठी! आणि पाऊस केवढा, तर वर्षाला साडेनऊशे मिलिमीटर. आमच्याकडे एकट्या जुलैत जवळजवळ एवढा पडतो.

त्या माणसाला काही आपल्या मुकादमांपेक्षा जास्त कळत नव्हतं. उलट शेडी मातीत त्याला आणला असता तर पहिल्याच मिरगाला गडबडला असता. पण त्याच्या वहीतल्या नोंदीखाली 'पाहिले' लिहून भागत नव्हतं. ती वही सरकार मागू शकत होतं.

आपल्याकडे काही हललंच नाही असं नाही. मोपाच्या विमानतळाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१९ साली पर्यावरण परवानगी स्थगित झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये काम सुरू करू देताना न्यायालयानं पर्यावरणाच्या अटींवर देखरेख करायला नागपूरच्या 'नीरी' संस्थेला सांगितलं. तेही आमच्याच तालुक्यात, आमच्यासारख्याच सड्यावर. देखरेख करणारा माणूस कोर्टानं नेमायचा, ही गोष्ट आजोबांना ऐकवली असती तर त्यांनी विचारलं असतं, भात कोण देतो त्याला?

मामा २०११ साली गेला. पाच वर्षं म्हणाला होता, प्रत्यक्षात सहा लागली. पहिली दोन वर्षं त्यानं काहीच पेरलं नाही, मग ताग, मग शेणखत, मग पुन्हा ताग. २००५ च्या सरदीला वरच्या कुणग्यात भात उभं राहिलं तेव्हा त्यानं मला निरोप पाठवला, 'येवन पळय.' मधल्या वर्षांत तो माझ्याशी बोलत नव्हता असं नाही, चतुर्थीला जेवायला बोलवायचाच. पण शेताचा विषय त्यानं माझ्यासमोर काढला नव्हता. त्या दिवशी मेरेवरून हिंडताना त्यानं मला व्हाळाच्या वळणावर नेलं आणि म्हणाला, पावसाआधी हे तू बघायचंस.

तेव्हापासून ते मी बघतो. मामेभाऊ मुंबईला असतो, शेत एका कुळाकडून करून घेतो. डोंगरावर आता बंगले झालेत, चर कुणाच्याही मालकीचा नाही, म्हणून दरवर्षी मेअखेर मी एक माणूस घेऊन जातो. पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या बाटल्या, यंदा तर एक मोडकी खुर्ची निघाली. मुकादम खानापूरला आपल्या गावी आहेत, ऐंशीच्या घरात, कानाला जरा कमी. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन येतो, चुकत नाही. यंदाही आला.

'चर साफ झाला का सायेब?'

'झाला.'

'आणि खालचा खड्डा?'

तो राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेडण्याला गेलो.